टेसेरॅक्ट सोर्समधून कंपाइल करण्यापूर्वीची तयारी

जुन्या छापील मराठी पुस्तकांतील मजकूर टेसेरॅक्टकडून (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून) वाचून घ्यायचा असेल, तर ते कंपाइल करण्याची, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बनवण्याची, खरोखरच गरज आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. डेबियन 12 या लिनक्स वितरणात 5.3 ही आवृत्ती तयार मिळते. यंत्रावर ती असेल तर पुढचे काहीच वाचण्याचे कारण नाही. उबुंटू 22.04 हे दुसरे लिनक्स वितरण मात्र 4.1.1 वरच थांबलेले आहे. वाचनालयाच्या यंत्रावर तेच असेल, बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेला पॅकेजांचा साठा) जोडायचे नसेल आणि तरीही पाचवी मालिका हवी असेल, तर ही तयारी करावी.

कंपायलर, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग ही साधने लागतातच. त्यांपैकी एखादे नसेल तर काम लगेच अडते आणि कारणही कळते, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. कंपायलर सी++17 (सी++ भाषेची 2017ची आवृत्ती) समजणारा हवा, एवढे पाहावे.

खरी काळजी घ्यायची ती जिच्यावाचून काम अडत नाही अशा गोष्टीची. टेसेरॅक्ट चित्राची फाइल स्वतः उघडत नाही. ते काम लेप्टोनिका ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) करते, आणि लेप्टोनिका पीएनजी, जेपेग व टिफ वाचण्यासाठी आणखी तीन लायब्रऱ्यांवर अवलंबून असते. या तिन्हींची आणि झेडलिब या आकुंचनाच्या लायब्ररीची, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेली पॅकेजे लेप्टोनिकाचे कॉन्फिगर (यंत्रावर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवण्याआधी बसवलेली असलीच पाहिजेत. पीएनजीची लायब्ररी लिबपीएनजी यंत्रावर आधीपासून आहे, एवढ्यावर विसंबू नये. ती बहुतेक यंत्रांवर असतेच. पण लायब्ररीत काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फाइली डेव्ह पॅकेजातूनच येतात. मागच्या खेपेला नेमके हेच राहिले होते, म्हणून पुन्हा लिहितो: लिबपीएनजी-डेव्ह, लिबजेपेग-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह आणि झेडलिबचे डेव्ह पॅकेज, ही चारही लेप्टोनिकाच्या आधी बसली पाहिजेत.

एवढे बजावण्याचे कारण असे, की ही पॅकेजे नसली तरी लेप्टोनिका तक्रार करत नाही. कॉन्फिगर चालू असताना पडद्यावरून भराभर सरकणाऱ्या ओळींत एके ठिकाणी लिबपीएनजीपुढे 'नो' उमटते आणि काम पुढे जाते. मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा, बिनबोभाट पूर्ण होते, इन्स्टॉल होते, तिच्या आधाराने टेसेरॅक्टही उभे राहते, आणि सगळे आवरल्यावर स्कॅन केलेले पहिले पान पुढे केले, की 'पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट' असा संदेश येतो. मग आपण स्कॅनर तपासतो, फाइल तपासतो, टेसेरॅक्ट पुन्हा कंपाइल करतो, आणि त्यांतल्या कशातही दोष नसतो.

हे टाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरला '--विथ-लिबपीएनजी', '--विथ-लिबटिफ', '--विथ-जेपेग' असे पर्याय स्पष्ट लिहून द्यावेत. मग लायब्ररी सापडली नाही तर ते तिथेच चूक दाखवून थांबते. माझ्या मते हेच मूळचे वर्तन असायला हवे होते. डेव्ह पॅकेजे मागाहून बसवली, तर नुसते मेक पुन्हा चालवून उपयोग होत नाही. कॉन्फिगरपासून सुरुवात करावी लागते.

लेप्टोनिका स्वतः कंपाइल करण्याची गरज पुष्कळदा नसतेच. टेसेरॅक्टची अट 1.74 किंवा त्यापुढची आवृत्ती एवढीच आहे आणि उबुंटू 22.04 मध्ये 1.82 तयार मिळते. नंतरच्या दुरुस्त्या हव्या असतील तरच नवी घ्यावी, आणि मग वितरणातले लेप्टोनिकाचे डेव्ह पॅकेज काढून टाकावे. दोन आवृत्त्यांची हेडर आणि लायब्रऱ्या एकत्र नांदू लागल्या, की कोणती कुठून उचलली गेली हे शोधणे फार जिकिरीचे होते.

पावसाळ्यात हे काम करणार असाल, तर सोर्स, पॅकेजे आणि भाषेच्या फाइली आधीच उतरवून ठेवाव्यात. गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे जोराचा पाऊस लागला की विजेपाठोपाठ इंटरनेटही जाते, आणि चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) आरत्या-भजनांचे संग्रह तयार हवेत असा लकडा नेमका त्याच दिवसांत लागलेला असतो. मेक चालू असताना वीज गेली, तर परतल्यावर आधी मेक क्लीन करावे, कारण अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेला तुकडा) पूर्ण समजून मेक पुढे जाऊ शकते. यंत्राची मेमरी चार जीबी असेल तर मेकला एका वेळी दोनच कामे चालू द्यावीत. अधिक दिल्यास कंपायलर मध्येच 'किल्ड' म्हणून बंद पडतो.

इन्स्टॉलनंतर एलडीकॉन्फिग (बसवलेल्या लायब्रऱ्यांची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवावे, नाहीतर लायब्ररी जागेवर असूनही सापडत नाही. मग टेसेरॅक्टला आवृत्ती विचारावी. लेप्टोनिकाच्या नावाखालच्या ओळीत लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ आणि झेडलिब आवृत्त्यांसह दिसले पाहिजेत. यांतले एक जरी नसले तरी पुढे जाऊ नये. डेव्ह पॅकेजांकडे परत जावे.

मराठीची 'मार' फाइल टेसडेटाच्या, म्हणजे भाषेच्या फाइलींच्या, फोल्डरात ठेवावी. स्तोत्रे असतील तर संस्कृतची 'सॅन'ही. कोकणीची वेगळी फाइल नाही, म्हणून मराठी-कोकणी मिश्र पुस्तकांसाठी देवनागरी लिपीची फाइल वापरून पाहावी. स्कॅन 300 डीपीआयचे (इंचाला 300 ठिपके) असावे. बिल्डचे फोल्डर पुसू नये, कारण मेक अनइन्स्टॉल तिथूनच चालते. कॉन्फिगरची लॉग फाइलही तिथेच असते. पुढे कधी टिफ उघडेना झाली, तर लेप्टोनिकाच्या लॉगमध्ये पहिल्यांदा लिबटिफची ओळ शोधावी.