पोरांना घेऊन सुपरमार्केटात: यादी, ट्रॉली आणि बिलाची रांग

बेळगावच्या रविवार पेठेत किंवा गल्लीतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक कट्ट्याच्या अलीकडं उभं राहतं आणि माल पलीकडून येतो. पोराला एखादी वस्तू हवीशी वाटली तरी ती त्याच्या हाताला लागत नाही. सुपरमार्केटात मधला कट्टाच नसतो. रॅकच्या खालच्या दोन फळ्या तीन वर्षांच्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतात, आणि त्या फळ्यांवर काय मांडायचं हे विचार करूनच ठरवलेलं असतं. म्हणून ‘आमचं पोरगं मॉलमध्ये लई त्रास देतंय’ या तक्रारीत पोराचा स्वभाव थोडा असतो; दुकानाची मांडणी, घरातून निघायची वेळ आणि यादीची लांबी यांचा वाटा मोठा असतो. मांडणी आपल्याला बदलता येत नाही. वेळ आणि यादी बदलता येते, आणि निम्मं काम तिथंच होतं.

महिन्याचा बाजार आणि हातचा बाजार वेगळा ठेवा

तांदूळ, गव्हाचं पीठ, तेलाचा पाच लिटरचा डबा, साबण, फिनाईल अशी चाळीस-पन्नास वस्तूंची यादी घेऊन दोन-तीन वर्षांच्या मुलासोबत जाणं हे मुळात चुकीचं नियोजन. एवढ्या बाजाराला रांगेसकट दीड तास सहज लागतो. या वयाचं मूल बंद जागेत अर्धा-पाऊण तास बरं राहतं, पुढं कंटाळतं. महिन्याचा बाजार घरातल्या एकानंच करावा आणि मुलानं आज्जीजवळ राहावं. मुलाला न्यायचं ते दहा-बारा वस्तूंच्या बाजाराला. तिथं ते शिकतंही आणि तुमचीही दमछाक होत नाही.

घरी ठेवायला कुणीच नसेल तर यादीचे दोन भाग करा आणि दोन वेगवेगळ्या दिवशी जा. जड वस्तू एका फेरीत, बाकीच्या दुसऱ्या. घरपोच सेवा असेल तर जड माल तिच्यावर सोडा.

यादी दुकानातल्या रांगांच्या क्रमानं लिहा. आठवेल तशी लिहिलेली यादी माणसाला तीन वेळा मागं फिरवते, आणि प्रत्येक वेळी खाऊच्या रॅकवरून जावं लागतं. जड आणि न फुटणारं सामान आधी, मग डाळी-मसाले, मग भाजी, आणि अंडी, दूध, दही, फ्रीजरमधल्या वस्तू अगदी शेवटी. बिस्किटं आणि चॉकलेटची रांग यादीत नसेल तर तिकडं वळूच नका. लांबचा फेरा पडला तरी चालेल.

कधी निघायचं

भुकेलं किंवा झोपेला आलेलं मूल कुठल्याच युक्तीला बधत नाही. दुपारची झोप झाल्यावर आणि काहीतरी खाऊन झाल्यावर निघा. निघताना शी-शू करून घ्या, कारण बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह नसतं, असलं तरी वरच्या मजल्यावर असतं.

गर्दीचं गणित साधं आहे. पगार झाल्यावरचा पहिला आठवडा, शनिवार-रविवारची संध्याकाळ आणि गणपतीच्या आधीचे दिवस टाळा. बेळगावात शनिवारी आठवड्याचा बाजार असतो, खेड्यांतून माणसं शहरात येतात, त्यामुळं त्या दिवशी रिक्षापासून पार्किंगपर्यंत सगळंच अडतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावरचा पहिला तास सगळ्यात बरा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दारातल्या फरशीवर रेनकोट आणि छत्र्यांचं पाणी साचतं आणि पळणारं मूल तिथंच घसरतं. मुलाला तळव्याला पकड असलेली चप्पल घाला. भिजलेल्या अंगानं एसीत शिरल्यावर ते कुडकुडतं आणि किरकिर सुरू होते, म्हणून एक कोरडा सदरा पिशवीत असू द्या.

बऱ्याच ठिकाणी पिशव्या दाराशी जमा कराव्या लागतात. पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि डायपर एका लहान थैलीत वेगळे काढून ठेवा. रखवालदाराला सांगितलं की ती थैली सहसा आत नेऊ देतात. खायला केळं किंवा तूप-गूळ लावून गुंडाळलेली चपाती बरी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या ट्रॉलीत देऊ नका. धक्का बसला की घास घशात अडकतो, आणि त्या वेळी तुमचं लक्ष रॅककडं असतं.

ट्रॉली

आधी रिकामी ट्रॉली दोन-चार पावलं ढकलून बघा. एक चाक अडकत असेल तर ती ठेवून दुसरी घ्या; वजन भरल्यावर तीच ट्रॉली एका बाजूला ओढते आणि तुमचे दोन्ही हात तिच्यात गुंततात.

मूल बसवायची जागा म्हणजे दांड्याजवळची घडीची सीट, पाय बाहेर काढायच्या भोकांची. तिच्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते, साधारण १५ किलोच्या आसपास. आधाराशिवाय नीट बसू शकणाऱ्या बाळापासून तीन-साडेतीन वर्षांपर्यंतच ती कामाची. पट्टा असेल तर लावाच. बहुतेक ट्रॉल्यांचा पट्टा तुटलेला किंवा गायब असतो. तसं असेल तर ट्रॉलीपासून हातभरापेक्षा लांब जाऊ नका. वरच्या फळीवरचा डबा काढायला दोन पावलं बाजूला गेलं की तेवढ्यात मूल सीटवर उभं राहतं. पडणं घडतं ते असंच, आणि उंचीवरून फरशीवर पडताना डोकं आधी आपटतं.

मोठ्या टोपलीत मुलाला उभं करू नका. बाहेरच्या दांड्यावर पाय ठेवून लटकूही देऊ नका. रिकामी ट्रॉली हलकी असते, मूल एका टोकाला लटकलं की ती त्याच्या अंगावरच उलटते. म्हणून तेल-पिठासारखं जड सामान आधी घेऊन टोपलीच्या तळाशी ठेवायचं. त्यानं ट्रॉली स्थिर होते. अगदी तान्ह्या बाळाला कापडी झोळीत छातीशी बांधून न्या, पण मग खाली वाकून सामान काढू नका, गुडघ्यात बसून काढा.

सरकत्या जिन्यावर ट्रॉली न्यायची नाही, लिफ्ट वापरायची. मूल जिन्यावरून येत असेल तर हात धरून पायरीच्या मधोमध उभं करा. मऊ रबरी चपला कडेच्या फटीत ओढल्या जातात, ओढणी आणि पदरही. जिन्याच्या वर आणि खाली लाल बटण असतं. ते कुठं आहे हे पाय ठेवण्याआधी बघून घ्या.

चालणाऱ्या मुलाला काम द्या

तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ एवढंच सांगितलं तर त्याला काय करायचं ते कळत नाही. ‘ट्रॉलीची ही बाजू धर’ हे कळतं. नियम एकच ठेवा: एक हात ट्रॉलीला. दुसऱ्या हाताला काम.

चार वर्षांच्या मुलाला पाकिटावरचा चौकोनातला हिरवा ठिपका शोधायला लावा. शाकाहारी पदार्थांवर तो छापलेला असतो. टोमॅटो मोजून पिशवीत टाकणं हेही चांगलं काम, पण आधी पाच मोजा म्हणावं, नाहीतर दोन किलो होतात. सहा-सात वर्षांचं मूल पाकिटावरची तारीख वाचतं, अर्ध्या किलोचं पाकीट स्वस्त पडतं की किलोचं हे विचारलं तर हिशेबही करतं. शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाला नंदिनी दुधाच्या पिशवीवरची कन्नड अक्षरं वाचायला सांगा. घरातल्या मोठ्यांना ती येत नसतील तर त्याची ऐट बघण्यासारखी असते.

खालच्या फळीवर दोन गोष्टी धोक्याच्या. एक, काचेच्या बरण्या: लोणचं, जॅम, सॉस. दुसरी, रंगीत फिनाईल आणि संडास साफ करायची द्रावणं. ती मुलाला सरबतासारखी दिसतात. या रांगांत शिरताना चालणाऱ्या मुलालाही हाताशी घ्या. बरणी फुटलीच तर मुलाला आधी उचलून बाजूला करा आणि कामगाराला हाक मारा. काचा स्वतः गोळा करत बसू नका.

‘मला पायजे’

याचा करार घरीच करायचा, दुकानात नाही. ‘आज तुला एक वस्तू, वीस रुपयांच्या आतली. तू निवडायची.’ वीसची नोट त्याच्या खिशात देता आली तर आणखी बरं, कारण पैसे संपतात हे त्याला डोळ्यांनी दिसतं. काहीच घ्यायचं नसेल तर तेही घरीच स्पष्ट सांगा. ‘बघू’ म्हणू नका. मूल ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असाच लावतं.

तरी फरशीवर लोळण घेतली तर? इथं बहुतेक घरांत चूक एकच होते: पहिली पाच मिनिटं नाही म्हणायचं, मग लोक बघायला लागले की चॉकलेट हातात द्यायचं. त्यातून मूल रडायचं नाही हे शिकत नाही, पाच मिनिटं रडावं लागतं हे शिकतं. पुढच्या वेळी सात मिनिटं नेटानं रडतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही असं झालं तर ही सवय आणखी चिवट होते. द्यायचंच असेल तर मागितल्याबरोबर द्या. एकदा नाही म्हटलं तर मग नाहीच.

त्या क्षणी गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या आणि कमी शब्द वापरा. ‘तुला ते हवं होतं. आज नाही.’ एवढंच. त्या वेळी समजावणं, धाक देणं, ‘पोलीस काका घेऊन जातील’ म्हणणं यातलं काही उपयोगाचं नाही. शेवटचं तर घातकच, कारण हरवलेल्या मुलानं मदत मागायची ती खाकीतल्या माणसाकडंच. दोन-तीन मिनिटांत शांत झालं नाही तर ट्रॉली कामगाराजवळ ठेवा, ‘दहा मिनिटांत येतो’ सांगा आणि मुलाला बाहेर न्या. फ्रीजरमधलं काही घेतलं असेल तर ते कामगाराकडं परत द्या. आणि सोबत आलेली आज्जी ‘घे रे बाळा’ म्हणून मागून कॅडबरी देणार असेल तर करार तिच्याशीही आधीच करायला हवा. हे अवघड आहे, पण टाळता येत नाही.

हरवलं तर

दारातून आत शिरताना मोबाइलवर मुलाचा एक पूर्ण उभा फोटो काढा. घाबरल्यावर सदरा निळा होता की हिरवा हे आठवत नाही. चालायला लागलेल्या पोराचे पीं-पीं वाजणारे बूट घरात डोक्याला ताप, पण दुकानात उपयोगी.

मुलाला आपलं नाव, आईबापाचं खरं नाव आणि एक मोबाइल नंबर पाठ हवा. बिलाच्या वेळी कॅशियर नंबर विचारतो तेव्हा तो मुलालाच सांगू द्या. आपोआप पाठ होतो. सीमाभागात आणखी एक तयारी लागते. दुकानातला कामगार मराठी बोलणारा असेलच असं नाही आणि माइकवरची सूचना कन्नडमध्ये होऊ शकते. ‘नम्मम्मा सिग्ता इल्ला’, म्हणजे माझी आई सापडत नाही, हे एक वाक्य मुलाला शिकवून ठेवा. आपलं नाव त्या गोंधळातही ओळखता यावं म्हणून पुकारताना घरात हाक मारतात ते नाव सांगा, शाळेतलं नको.

मूल दिसेनासं झालं तर हा क्रम:

१. जागेवरून मोठ्यानं नाव घेऊन हाक मारा. बहुतेक वेळा मूल शेजारच्याच रांगेत असतं.
२. मिनिटभरात सापडलं नाही तर आधी दार. सोबतच्या माणसाला किंवा रखवालदाराला दारात उभं करा, फोटो दाखवा.
३. मग काउंटरवरून पुकारा करायला सांगा आणि खेळणी, खाऊ, सरकता जिना, लिफ्ट याच क्रमानं शोधा.
४. तरीही नाही तर वाट न बघता ११२ वर फोन करा.

मुलाला उलटं शिकवायचं: तू शोधायला निघू नको, आहेस तिथंच थांब, आणि गणवेशातल्या दुकानातल्या माणसाला सांग.

बिलाची रांग

सगळा संयम इथं संपतो, आणि चॉकलेटही नेमकी इथंच मांडलेली असतात. रांगेत मुलाला ट्रॉली आणि तुमच्यामध्ये उभं करा, रॅकच्या बाजूला नको. राखून ठेवलेलं केळं आत्ता काढा.

रांगेत शिरण्याआधी दोन गोष्टी तपासा. भाजी वजन करून तिला चिकटपट्टी लावली आहे का? ती राहिली की कॅशियर परत पाठवतो, आणि मूल, ट्रॉली, मागची रांग हे तिन्ही एकदम सांभाळावं लागतं. दुसरी, आत मुलानं फोडून खाल्लेल्या बिस्किटाचं रिकामं पाकीट. बारकोडसाठी ते ठेवावं लागतं. वजनावर विकली जाणारी फळं मात्र बिलाआधी खाऊ देऊ नका.

रांगेत मुलाच्या हातात मोबाइल देणं सोपं वाटतं. पण पैसे त्याच मोबाइलवरून द्यायचे असतात, आणि ऐन बिलाच्या वेळी कार्टून हिसकावून घेतलं की दिवसभराची कमाई पाण्यात. शिवाय तळघरातल्या दुकानात नेटवर्क जातं. पाचशेच्या दोन-तीन नोटा जवळ असू द्या. बिल मुलाच्या हातात द्या आणि दारावर शिक्का मारून घ्यायचं काम त्याचं.

स्कूटरवरून परतणार असाल तर सामान किती घ्यायचं हे आधीच ठरतं. हँडलला पिशव्या अडकवल्या की वळताना गाडी एका बाजूला खेचते. पाय ठेवायच्या जागी पिठाची पिशवी ठेवली तर पुढं मुलाला उभं राहायला जागा उरत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधायचा सुरक्षा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. दोन पिशव्यांपेक्षा जास्त सामान झालं तर रिक्षा करा, आणि रिक्षात आधी मूल, मग दूध-अंड्यांची पिशवी, शेवटी बाकीचं.