भरलेल्या रेतीघाटाचा काठ का जातो? या चुका टाळा

नागपूरकडच्या कन्हान नदीच्या काठी उपसा बंद झालेले रेती-गोट्याचे खड्डे बुजवून थडी पुन्हा उभी करायचं काम मी करतो. दर पावसाळ्यात कुणाचा तरी फोन येतोच, "भाऊ, काठ गेला." मी एकच विचारतो, पायथ्याला काय टाकलं होतं? तिकडून आवाज बंद.

काठ वरून दिसतो म्हणून सगळा पैसा वर जातो. एका घाटावर उतार झकास काढला होता, एकास दोन (एक उभं, दोन आडवं), त्यावर दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, वर रोपं आणि फोटोसाठी पाटी. मी म्हटलं, आधी पायथ्याचा चर खोदा. उत्तर आलं, "मे संपला, पुढच्या वर्षी पाहू." जुलैच्या पहिल्या मोठ्या पुरात पिचिंगची अख्खी चादर खाली घसरली. दोन दिवसांनी गेलो तर रोपं पात्रात उभी, तीही हिरवीगार! पाटी मात्र जागेवर होती.

गोटा उपसला की पात्र खोल जातं. खड्ड्याची वरच्या अंगाची कड पाणी खात खात उगमाकडे सरकते. म्हणजे उपसा थांबला तरी तळ खाली जायचा थांबत नाही, आणि काठ अधांतरी लटकतो. म्हणून मी आधी काठाकडे बघतच नाही. एप्रिल-मे महिन्यात पात्रात उतरतो, आसपासचा सगळ्यात खोल डोह काठीनं मापतो आणि पायथ्याचा चर त्याच्याही खाली नेतो. त्यात मोठे दगड सुटे टाकतो. खालून माती गेली तर ते आपोआप खाली बसतात आणि भोक बुजवतात.

सिमेंटनं सांधलेला दगड असा बसत नाही, आणि त्याचा दुसरा जाच पूर ओसरताना कळतो. २०२० च्या ऑगस्टअखेर कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीवरच्या धरणांतून पाणी सुटलं, कन्हानला महापूर आला. गणपती बसलेले होते. मौद्याकडच्या एका भरावाचं सिमेंटचं पिचिंग पुरात टिकलं, लोक मला म्हणाले, "पाहा, उगाच घाबरवत होता." मग दरवाजे बंद झाले, नदी भराभर उतरली, आणि लख्ख उन्हात दुपारी काठ फुगून फुटला. भराव आतून ओला गच्च होता. बाहेरून दाबून धरणारं नदीचं पाणी गेलं, आतल्याला निघायला एक छिद्र ठेवलेलं नाही. तेव्हा भिंत ढकलूनच ते बाहेर आलं. माझी सवय अशी की दगड कोरडा रचायचा, त्याखाली बारीक गिट्टीचा थर किंवा जिओटेक्स्टाइलचं गाळणीसारखं कापड, म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही. आणि पूर उतरल्यावर दोन-तीन दिवस कडेवर टिप्पर नेऊ द्यायचा नाही, मालक कितीही ओरडो.

टिप्परवरून आठवलं. खड्डा एका दमात भरून वरून जेसीबी फिरवला की झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडापीडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात, त्या मारबतीच्या पुतळ्यासोबत त्यांना पाठवून द्यावं. वीतभर थर, थोडं पाणी, रोलर, मग पुढचा थर. दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरू नका. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगते. आत मुरूम, काळी फक्त वरच्या गवतापुरती.

घर पाडल्याचा मलबा तर नकोच. पोकळ्या राहतात, त्यातून पाणी वाट काढतं.

बेशरम ही झुडपाची जात लवकर पसरते खरी, पण मी लावत नाही. पात्रात शिरली की प्रवाह अडवून समोरच्या थडीवर ढकलते, आणि मग शेजारचा शेतकरी तुमच्या दारात. मी वाळ्याचं गवत लावतो, पहिला पाऊस नीट मुरल्यावर, उताराला आडव्या ओळींत, दोन रोपांत वीतभरही अंतर नाही. चांगल्या जमिनीत मुळं दोन-तीन मीटर खाली जातात, पण लावल्या-लावल्या नाही. नवशिके ऑगस्टमध्ये लावतात आणि सप्टेंबरमध्ये विचारतात, "धरलं का?"

आणि ढोरं पाण्यावर जायची वाट बंद करू नका. तारेचं कुंपण तोडून ती जातातच, मग नेमकी नव्या उतारावरूनच. मी सुरुवातीलाच एका बाजूला गोटे पसरून रुंद उतार सोडतो आणि गुराख्याला तो दाखवून देतो.