कुत्र्याला फिरवताना त्याच्या नाकाला वेळ द्या

आमची तांबी गावठी आहे. एक कान उभा, एक पडलेला. तिची सकाळची फेरी मी हुंगण्याच्या हिशेबाने ठेवते. अर्धा तास गेला आणि जेमतेम एक गल्ली झाली तरी चालतं. तुमच्याकडे कुत्रं असेल तर असं एकदा करून बघा.

आधी पट्टा. गळपट्ट्याऐवजी छातीवरून येणारा हार्नेस घ्या आणि दोरी तीनेक मीटर लांब ठेवा, म्हणजे मान खाली घातली तरी गळा आवळत नाही. वेळ पहाटेची, झाडूवाले यायच्या आधीची. उन्हाळ्यात संध्याकाळी निघालात तर डांबरावर हाताची पाठ पाच सेकंद टेकवा. चटका बसला तर थांबा, त्याच्याही पंजांना तो बसणार.

मग एकदा तरी त्याच्या उंचीला उकिडवं बसून गल्ली बघा. आपल्याला उभी गाडी दिसते ती कुणाची आहे, आडवी लावलीय का, एवढ्यापुरती. तांबीला ती चार टायर म्हणून कळते, आणि प्रत्येक टायरवर रात्रीतून कोण पाय वर करून गेलं ते तिला शोधायचं असतं. अशा जागी ओढाओढ करू नका. ती आपणहून मान वर करेपर्यंत उभे राहा आणि तेवढ्यात तिच्या नाकाकडे जवळून बघा. नाकपुडीच्या कडेला स्वल्पविरामासारखी फट असते. आत जाणारी हवा समोरून जाते, बाहेर येणारी त्या फटीतून बाजूला पडते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. कोरड्या मातीत नाकाच्या दोन्ही अंगांना धूळ हलताना दिसते. मला हे बघायला फार आवडतं.

हिरवळीवर खेळायला निळा चेंडू न्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो. लाल चेंडू गवतात त्याच्या डोळ्यांना वेगळा दिसत नाही.

रस्ता ओलांडणं आणि शिजलेली हाडं तोंडातून सोडवणं मात्र आपल्याकडेच राहतं, कारण त्यातला धोका त्याला कळत नाही. प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांना आणि गरजांना जे लागतं त्यातून घडतं, असं याकोब फॉन युक्सक्यूल हा जीवशास्त्रज्ञ म्हणायचा. हाम्बुर्गमध्ये अंधांसाठी कुत्रे तयार करताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने कुत्र्याला माणसाएवढ्या उंचीची गाडी जुंपली. वर लोंबणारी फांदी कुत्र्याच्या डोक्याला लागत नाही, म्हणून तो खालून खुशाल जातो. गाडी अडली की तीच फांदी त्याच्यासाठी अडथळा होते. शिकवण्याची इतकी समजूतदार रीत मी दुसरी ऐकलेली नाही.

घरी आल्यावर गोचीड तपासा, पावसाळ्यात तर रोज. युक्सक्यूलचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गोचिडीचंच: गवताच्या टोकाला बसलेल्या तिला कळतो तो कातडीतून येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, मग ऊब, मग केस विरळ असलेली जागा. तेव्हा आपणही तिथेच शोधायचं, कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत. सापडली तर रॉकेल-तेल न लावता चिमट्याने कातडीलगत धरा आणि पीळ न देता सरळ वर ओढा.