आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना आधार: प्रशिक्षणातून किती कळलं, ते कसं मोजावं

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कुणी आत्महत्या केली, की त्या घरी आधी पोचतात त्या आशाताई, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, बचत गटाच्या बायका. मानसोपचारतज्ज्ञ पोचले तर फार नंतर. म्हणून प्रशिक्षण या मंडळींना द्यायचं असतं. पण शेवटी ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटलं का?’ एवढंच विचारलं, तर समाधान मोजलं जातं. कळलं किती, ते वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी ‘बरोबर की चूक’ अशा विधानांची एक छोटी चाचणी बनवायची, ती अशी.

१. काय मोजायचं ते ठरवा. पाच भाग पुरतात: शोकाचं स्वरूप (अपराधी वाटणं, राग, ‘का केलं असेल?’, कधी सुटका झाल्यासारखं वाटणं), घरातल्यांच्या स्वतःच्या जिवाला असलेला धोका, काय बोलावं, लहान मुलांना काय सांगावं, आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मदत याची माहिती. २० प्रश्न हवे असतील तर ४० लिहा. निम्मे पुढं गळतात.

२. प्रश्न लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ‘अशा कुटुंबाला आधार देणं गरजेचं आहे’ याला सगळेच ‘बरोबर’ म्हणणार. हे मत झालं, माहिती नव्हे. त्यापेक्षा असे प्रश्न घ्या:

‘सहा वर्षांच्या मुलीला बाबा गावाला गेलेत असंच सांगावं.’ (चूक. तिला ते शाळेत दुसऱ्याच कुणाकडून कळतं. विश्वासातल्या माणसानं साध्या शब्दांत खरं सांगावं.)

‘भावाला “तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?” असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो.’ (चूक. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते.)

‘१४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं.’ (बरोबर. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन आहे.)

निम्मी विधानं बरोबर, निम्मी चूक ठेवा. उत्तरांत ‘माहीत नाही’ हवंच. ते नसेल तर २० पैकी १० गुण नुसत्या अंदाजानंही मिळू शकतात. एका विधानात दोन गोष्टी कोंबू नका.

शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा: ‘सावडायच्या दिवशी तुम्ही त्या घरी गेलात. आईशी तुमचं पहिलं वाक्य काय असेल?’ ‘देवाची मर्जी’, ‘पोरांकडं बघून खंबीर राहा’ किंवा ‘भांडण झालं होतं का?’ याला ०. नुसतं ‘वाईट झालं’ याला १. ‘मी बसते तुमच्याजवळ. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर नको’ अशा वाक्याला २. दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासावं. गुण जुळत नसतील तर निकष अजून स्पष्ट लिहायला हवेत.

३. जाणकारांना दाखवा. सहा जण पुरेत: मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, अनुभवी आशा, आणि ज्यांच्या घरात असा मृत्यू होऊन बराच काळ लोटलाय व ज्यांची मनापासून तयारी आहे असं एखादं माणूस. सहापैकी किमान पाच जणांनी ‘हा प्रश्न योग्य आहे’ म्हटलं तरच तो ठेवा. मग पाच-सहा आशाताईंकडून प्रश्न मोठ्यानं वाचून घ्या आणि त्यांना काय समजलं ते विचारा.

४. चाचणी घेऊन चाळा. समजा ४० जणांनी सोडवली. सर्वाधिक गुणांचे ११ आणि सर्वांत कमी गुणांचे ११ वेगळे काढा. एखादा प्रश्न वरच्या गटात ९ जणांना आणि खालच्या गटात ८ जणांना आला, तर तो जाणणारा आणि न जाणणारा यांत फरकच करत नाही. तो काढा किंवा सुधारा. खालच्या गटाला जास्त येत असेल तर आधी उत्तरतालिका तपासा, तीच चुकलेली असू शकते. प्रशिक्षणाआधीच बहुतेकांना येणारा प्रश्नही गाळा. हेल्पलाइनचा मात्र ठेवा. तो प्रत्येकाला यायलाच हवा.

५. तीनदा घ्या. प्रशिक्षणाआधी, संपल्यावर आणि तीन महिन्यांनी. लगेचचे गुण आठवणीचे असतात, तिसऱ्या वेळचे खरे. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, नाहीतर माणसं वरिष्ठांना आवडेल ते लिहितात. बेरजेपेक्षा भागवार गुण बघा. एकूण १५ असूनही मुलांविषयीच्या भागात शून्य असू शकतं.

सोडवणाऱ्यांची काळजी. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरात हे घडलेलं असतं. सुरुवातीलाच सांगा: विषय हा आहे, मधेच उठून गेलात तरी चालेल. बाहेर बोलायला एक प्रशिक्षित माणूस बसवा. मृत्यूच्या पद्धतीचं वर्णन प्रश्नात कुठंही नको. जतच्या एखाद्या लहान गावात ‘द्राक्षबाग, सोसायटीचं कर्ज, दोन मुली’ एवढं लिहिलं तरी कोणाचं घर ते सगळ्यांना कळतं. म्हणून प्रसंग बेतताना व्यवसाय, वय, नातं, सगळं बदला आणि छापण्याआधी त्याच भागातल्या माणसाला विचारा, ‘हे वाचून कोण आठवतं?’ कुणाचं नाव आलं तर तो प्रसंग रद्द करून नवा लिहा.