सायकेडेलिक बँड जमवताना: आधी एका सुरावर थांबायला शिका

नव्याने बँड जमवणारी मुलंमुली भेटली की पाच मिनिटांत बोलणं पेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांवर येतं. फझ (आवाज खरखरीत करणारा) कुठला घ्यावा, डिले (प्रतिध्वनी देणारा) अ‍ॅनालॉग बरा की डिजिटल, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) किती ठेवावा. मी सायकेडेलिक रॉक (तंद्री लावणारं, तरंगतं रॉक) वाजवणाऱ्या बँडमध्ये बास वाजवतो आणि पेडल मलाही मनापासून आवडतात. तरी माझं सांगणं ठरलेलं असतं: सुरुवातीला पेडल बाजूला ठेवा आणि सगळ्यांना मिळून एका सुरावर थांबता येतंय का ते बघा. आमचा आवाज तिथून निघाला.

१९६६ मधलं बीटल्सचं 'टुमारो नेव्हर नोज' या दृष्टीने नीट ऐका. जवळजवळ सगळं गाणं सी या एका सुरावर उभं आहे. ड्रमचा ठेका शेवटपर्यंत तोच, बास जागचा फारसा हलत नाही. खाली इतकं स्थिर असल्यामुळेच वर सोडलेले टेपचे लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) आणि ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला लेननचा आवाज कानाला पेलतो. खालचे कॉर्डही भराभर बदलत राहिले असते, तर वरच्या करामतीचा नुसता गोंगाट झाला असता.

तानपुरा ऐकलेल्या कानाला यातलं निम्मं आधीच कळलेलं असतं. सरावाला असं करा: बासने सा धरायचा, कीबोर्डने सा-प, आणि गिटारने खमाज थाटाचे स्वर घेऊन हिंडायचं. पाश्चात्त्य संगीतात हाच मिक्सोलिडियन. काफीचे स्वर घेतलेत तर डोरियन. दोन्हींत निषाद कोमल आहे, त्यामुळे शुद्ध निषाद वरच्या सा कडे जी ओढ लावतो ती इथे सैल पडते. सूर कुठेतरी पोहोचायची घाई करत नाही. या संगीतातला तरंगल्याचा भास बराचसा इथून येतो, आणि त्याला एक पैचाही खर्च नाही.

माणसं निवडताना ड्रमर सगळ्यात आधी बघा. चमकदार फिल (ठेक्याच्या मधले भरणीचे तुकडे) मारणारे पुष्कळ मिळतात. एकच ठेका दहा मिनिटं, वेग न ढळता आणि कंटाळा न येता वाजवणारा विरळा. १९६८ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला सुरू झालेल्या कॅन बँडचा ड्रमर याकी लीबेत्साइट हा मुळात फ्री जॅझमधला, म्हणजे ठरलेला ठेका न पाळणाऱ्या जॅझमधला. तिथलं सगळं स्वातंत्र्य सोडून तो जाणीवपूर्वक आवर्तनाकडे वळला. त्याचं वाजवणं ऐकल्यावर मला माझ्या बासचं काम समजलं: ड्रमला चिकटून राहायचं आणि बाकीच्यांना भटकू द्यायचं.

कॅनकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची कामाची पद्धत. ते तासन्‌तास जॅम करत (आधी काही न ठरवता एकत्र वाजवत), सगळं टेपवर घेत, आणि मग बँडचा बासवादक होल्गर चुकाय त्या टेप कापून, जोडून त्यातून गाणी काढत. आम्हीही हेच करतो, फक्त टेपच्या जागी फोन. फोन खोलीच्या मधोमध, अँपपासून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरपासून) लांब ठेवायचा आणि वाजवायला लागायच्या आधीच रेकॉर्डिंग चालू करायचं. कारण चांगलं काहीतरी बऱ्याचदा कोणी लक्ष देत नसतानाच घडतं. आमचं एक गाणं गिटार लावणं चालू असताना सापडलं. कीबोर्डवाली दोन सूर दाबून वाट बघत होती, ड्रमरने सहज हाय-हॅटवर (ड्रमच्या झांजजोडीवर) ठेका धरला, आणि गिटारची ती अर्धवट लागलेली तार त्यात काही वेगळंच बोलून गेली. त्या संध्याकाळी आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऐकताना कळलं. म्हणून रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. वाजवल्याचा अंमल उतरला की ऐका, आणि प्रत्येकाने आवडलेल्या जागांचा मिनिट-सेकंद लिहून आणावा. दोघातिघांच्या यादीत जी जागा येते तिथे गाणं आहे.

जॅम करताना एक शिस्त पाळा: एकाने काही बदललं की बाकीच्यांनी निदान आठ आवर्तनं जागचं हलायचं नाही. सगळेच एकदम बदलू लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. आणि हात उचलून गप्प राहणं हेही वाजवणंच आहे. नव्या गिटारवाल्यांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता पेडल. साधारण क्रम फझ, मग फेझर (आवाज लाटेसारखा फिरवणारा), मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. जुन्या धाटणीचा फझ गिटारला थेट जोडलेला असला तर चांगला बोलतो, मध्ये बफर (सिग्नल तगडा ठेवणारं सर्किट) आला की त्याचा पोत बदलतो. रिव्हर्ब मुद्दाम फझच्या आधी लावला तर आवाजाची भिंत उभी राहते; ती हवी असेल तर जरूर लावा, पण ठरवून. डिले गाण्याच्या वेगाशी जुळवायचा असेल तर ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी भागा. १०० बीपीएमला एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ४५० ची. दोन गिटार असतील तर एका वेळी एकीनेच लांब डिले वापरावा. बास शक्यतो कोरा ठेवावा. ब्राझीलच्या ओस म्युटान्टेस या बँडची बरीचशी उपकरणं बँडमधल्या भावांच्या थोरल्या भावाने स्वतः बनवलेली होती, तेव्हा महागडं साहित्य नाही म्हणून अडून बसू नका.

कान मात्र जपा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या प्रॅक्टिस रूममध्ये ही पातळी सहज गाठली जाते. इअरप्लग पहिल्या दिवसापासून वापरा.

नशेबद्दल नवखे दबक्या आवाजात विचारतात, मी उघड सांगतो. या संगीताचं नाव आणि त्याचा १९६० च्या दशकातला जन्म एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या नशेशी जोडलेला आहे, हे खरंच आहे. पण अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडचा गायक रॉकी एरिक्सन १९६९ च्या अटकेनंतर मनोरुग्णालयात गेला आणि १९७२ पर्यंत तिथेच होता, हेही त्याच इतिहासात आहे. आमच्या खोलीत नशा चालत नाही. दहा मिनिटं एकमेकांचं बारकाईने ऐकायला शुद्ध डोकं लागतं.

मंचावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं वेगळं असू द्या. १९६७ च्या पिंक फ्लॉइडकडे पाहा: क्लबात लांबलचक सुरावटी वाजवणारा हाच बँड तीन मिनिटांच्या आतलं नेटकं सिंगलही काढत होता. टेम इम्पालाचा केव्हिन पार्कर अल्बम जवळजवळ एकट्याने रेकॉर्ड करतो आणि मंचावर पूर्ण बँड घेऊन उभा राहतो. तुम्ही पहिलं रेकॉर्डिंग कराल तेव्हा ड्रम, बास आणि मुख्य गिटार एकाच खोलीत, एकत्र, एका दमात घ्या. गायन आणि बाकीचे थर नंतर चढवता येतात.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी गाण्याचं श्रेय कोणाचं ते लिहून ठेवा. जॅममधून निघालेल्या गाण्यात रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) एकाचा, ठेका दुसऱ्याचा आणि जागा हेरणारा तिसरा असतो, मग पैशांची वेळ आली की आठवणी वेगवेगळ्या निघतात. कॅनने श्रेय संपूर्ण बँडच्या नावावर ठेवलं. आम्हीही समान वाटणी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि नवा माणूस आला की तो कागद पुन्हा लिहितो.