वळवाचा ढग कसा बघायचा

मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी तीन-चारला टेरेसवर जायचं आणि पश्चिमेला, गगनबावड्याच्या बाजूला तोंड करून उभं राहायचं. दुर्बीण वगैरे काही लागत नाही, फक्त एकच ढग धरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला सोडायचं नाही. मोबाईल कठड्याला टेकवून टाइमलॅप्स लावला तर लईच भारी, ढग आतून कसा उकळतोय ते त्यात नीट कळतं.

आधी तळ बघा. सपाट असतो, विळीवर कापल्यासारखा. तापलेली हवा वर जाताना दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होत जाते आणि एका उंचीला तिच्यातल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात, तीच उंची म्हणजे हा तळ. थेंब होताना उष्णता बाहेर पडते, तिच्यामुळं हवा अजून जोरात वर सुटते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगे येतात.

मग शेंडा. कधीकधी त्याच्यावर पातळ, गुळगुळीत टोपी दिसते. खालून येणारा ढग वरच्या दमट थराला उचलतो, तो थर थंड होऊन तिथंच नवा ढग धरतो. ही टोपी काही मिनिटंच टिकते, खालचा ढग ती फोडून वर येतो, म्हणून नजर हलवू नका. पुढं १५-१६ किलोमीटरवर हवेची वाट बंद होते कारण त्याच्या वर तापमान कमी व्हायचं थांबतं, मग ढग ऐरणीसारखा आडवा पसरतो.

पावसाच्या तोंडाला जमिनीलगत काळाकुट्ट पट्टा सरकत आला तर समजा ढगातली गार हवा खाली आदळून पसरतीय आणि पुढची गरम हवा उचलतीय. तेव्हा टेरेस असो नाहीतर रंकाळा तलाव, लगेच आत जायचं. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर अजिबात थांबू नका.

पाऊस पुढं सरकला, गडगडाट थांबून अर्धा तास झाला की परत वर या, पण आता पूर्वेकडं बघा. ऐरणीच्या पोटाला कधीकधी पिशव्या लोंबताना दिसतात, बर्फकणांनी जड झालेली गार हवा खाली उतरते त्याच्या. नेमक्या कशा होतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला त्या एकदाच नीट दिसल्या, लाइट गेलेली, पश्चिमेचं ऊन खालून पडलेलं आणि आख्खं आकाश केशरी.