स्पोर्ट्स कारला नवा एक्झॉस्ट घरी बसवताना या चुका टाळा

पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन अशा गाड्या आता जळगाव-धुळ्याकडेही दिसतात, आणि हौशी मालकाला सगळ्यात आधी खटकतो तो कंपनीचा सायलेन्सर. किट ऑनलाइन मागवायचं, रविवारी अंगणात गाडी उचलायची, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. होतंही. मग सोमवारी फुसफुस सुरू होते, मंगळवारी बुडाखाली टणटण, आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा. शिव्या किटला बसतात, पण दोष बहुतेक वेळा बसवण्याच्या घाईत असतो.

आधी काय बसवताय ते नक्की करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (इंजिनचा विषारी धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलणं, म्हणजे कॅट-बॅक, हे घरी जमण्यासारखं काम आहे. टर्बो गाडीत त्याने आवाज बदलतो, वजन थोडं कमी होतं, ताकद मात्र जाणवेल इतकी वाढत नाही. अमळनेरकडचा मिस्त्री असली गाडी चालवून बघतो आणि एवढंच म्हणतो, ‘आवाज भारी शे भाऊ, पन गाडीमा दम कोठे शे?’ खरा अडथळा टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपात आणि त्यातल्या कॅटमध्ये असतो, म्हणून पुढचा मोह कॅट काढून टाकण्याचा होतो. तो करू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कॅटच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. मागच्याला कॅटचं काम दिसेनासं झालं की पी-०४२० हा बिघाडाचा कोड येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. कॅट-बॅक लावलं म्हणून आवाजाच्या मर्यादेतून सूट मिळते असंही नाही. सायलेन्सर काढून नुसता सरळ पाइप ठोकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

गाडी उचलताना

गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड आणि चाकांना अडसर लावल्याशिवाय खाली जाऊ नका. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर. वरून कडक दिसणारं अंगण एका बाजूने हळूच बसतं आणि स्टँड तिरपा होतो. काँक्रीटचा कोबा किंवा फरशी नसेल तर स्टँडखाली जाड, रुंद फळी टाका; पावसाळ्यात मातीवर हे काम काढूच नका. मे महिन्यात ४४-४५ अंशांत दुपारी हात घालायचा नसतो हे सांगायला नको, पण रात्री चालवून आणलेला पाइपही बराच वेळ चटका देतो. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे सुरुवात करा.

जुने नटबोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवायच्या स्प्रेने भिजवून ठेवा. लगेच पान्याला लांब पाइप लावून जोर काढला की बोल्ट तुटतो आणि मग ड्रिल शोधत फिरावं लागतं. पाइप लटकवून ठेवणारे रबर हँगर काढताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

सगळ्यात मोठी चूक: एकेक जॉइंट आवळत जाणं

पुढचा फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची चकती) बसला, आवळला; मधला पाइप बसला, आवळला; शेवटी सायलेन्सर लावायला गेलं तर टिप, म्हणजे पाइपाचं मागचं टोक, बंपरला टेकलेली. मग जोर लावून ती वळवायची, हँगर ताणायचा आणि वर क्लॅम्प कसायचा. पुढे जितक्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या इथेच जन्म घेतात.

सगळा संच आधी सैल जोडा. प्रत्येक क्लॅम्प हाताने फिरेल इतकाच ठेवा. पाइप सगळ्या हँगरांवर आपल्या वजनाने लटकू द्या, मग बंपर, ब्रेकची नळी, इंधनाची लाइन, अॅक्सल आणि हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) या सगळ्यांपासून निदान बोटभर अंतर आहे का ते बघा. गरम झाला की पाइप लांबीत वाढतो आणि इंजिनच्या झटक्याने हलतोही, त्यामुळे थंड असताना जेमतेम सुटा वाटणारा पाइप चालत्या गाडीत लागतोच. पाइपाचा सगळ्यात खालचा भाग जुन्यापेक्षा खाली आला नाही ना, हेही मोजा. खेड्यातले गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात ते आपल्याला ठाऊक आहे. मगच इंजिनकडून मागे जात, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

फुसफुस आणि दिवा

जुनं पॅकिंग पुन्हा वापरलं असेल तर गळती होणारच. नवं टाका. त्यावर साधा सिलिकॉन सीलंट थापायचा मोह आवरा. तो एक्झॉस्टच्या उष्णतेत टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. सेन्सर काढावा लागला तर २२ मिमीचा फट असलेला गोटी पाना घ्या, वायरला पीळ देऊ नका आणि अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) फक्त आट्यांवर लावा, टोकावर नाही.

गळती शोधायला इंजिन थंड असताना चालू करा, कुणाला तरी जाड फडकं टिपवर क्षणभर दाबायला सांगा आणि जॉइंटवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडा येईल तिथे दोष. काही दिवस चालवल्यावर काळी काजळीही तीच जागा दाखवते. सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ते विनाकारण जास्त पेट्रोल सोडतं. मायलेज पडतं ते यामुळे. हे सगळं उघड्यावर करा. शटर लावलेल्या गाळ्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याचा वासही येत नाही.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पाइपातून धूर निघतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. घाबरू नका.

वेल्डिंग लागलंच तर ट्रॉली-नांगर जोडणाऱ्याकडे जाऊ नका. त्याचा हात वाईट नसतो, पण जाड लोखंडाच्या रॉडने पातळ स्टेनलेस पाइपाला भोक पडतं, आणि टिकलाच तर जोड गंजतो. आर्गॉन वेल्डिंगवाला जळगावच्या एमआयडीसीत सापडतो. शक्यतो पाइप काढून न्या. गाडीवरच करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

टणटण आणि घूं

टणटण बहुधा सैल हीट शील्डची असते. थंड असताना रबरी हातोडीने टकटक केली की सापडते. म्हणून शील्डच काढून फेकू नका. सुकल्या पऱ्हाट्यांच्या बांधावर गरम गाडी उभी केली की ती कशाला होती ते कळेल.

चौपदरीवर एका वेगाने जाताना डोक्यात घुमणारी घूं मात्र आवळून जात नाही. ती पाइपाच्या लांबीची आणि पोकळीची करामत असते. त्यासाठी रेझोनेटर, म्हणजे ठरावीक आवाज मारणारा डबा, पाइपात टाकावा लागतो. म्हणून रेझोनेटर नसलेलं किट स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

जळगाव-धुळे जाऊन आल्यावर, पाइप गार झाला की सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा. आणि जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. नटबोल्टसकट पोत्यात बांधून माळ्यावर टाका. वॉरंटीच्या कामाला आणि गाडी विकताना तोच लागतो.